रिकाम्या पाण्यावरची नजर

भिलाई स्टील प्लांटच्या रेल अँड स्ट्रक्चरल मिलमध्ये माझी बरीचशी नोकरी रेल बघण्यात गेली. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, ‘बघण्यात म्हणजे?’ तर अक्षरशः बघण्यात. थंड झालेला रेल इन्स्पेक्शन बेडवर येतो. त्याच्या कडेने चालत जायचं, हेड बघायचं, वेब बघायचं, रेल पलटवून घ्यायचा आणि फूटची खालची बाजू बघायची. सीम दिसली, लॅप दिसला, स्कॅब दिसला, रोलचा मार्क उमटलेला दिसला की खडूने खूण करायची. पोटातल्या दोषासाठी अल्ट्रासॉनिक मशीन आहे. वरच्या कातडीसाठी मात्र आमच्या काळात शेवटचा शब्द डोळ्याचाच. यातले बहुतेक रेल चांगलेच असतात. नाइट शिफ्टला ओळीने चांगले रेल बघून झाल्यावर पुढचाही पहिल्याइतक्याच लक्षाने बघणं, हा या कामातला कठीण भाग. त्यावरून उद्या गाडी धावणार असते.

हे आधी सांगायचं कारण असं, की मार्च २०१४ मध्ये भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरी बसून मी जे काम केलं, त्याचं शिक्षण मला मिलमध्येच मिळालेलं होतं. तोवर ते दुसरीकडे कुठे उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

८ मार्चच्या पहाटे क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० हे विमान बेपत्ता झालं. बोइंग ७७७, आत २३९ माणसं. रात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी उड्डाण, १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाचे शेवटचे शब्द, आणि दोन मिनिटांत ते रडारच्या पडद्यावरून गेलं. प्रवाशांत पाच भारतीय होते आणि त्यात मुंबईचं एक मराठी कुटुंब. नागपूरहून येणाऱ्या मराठी पेपरात ती नावं वाचली आणि आमच्या घरात ही बातमी परदेशातली राहिली नाही. हिने पेपर हातात घेऊन दोनदा वाचला आणि विचारलं, “अहो, एवढं मोठं विमान, कुठेच कसं दिसत नाही?”

शेजारचा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. दोन-तीन दिवसांनी तोच संध्याकाळी आला आणि म्हणाला, “काका, तुम्ही दिवसभर मोकळे असता ना? हे बघा.” त्याने माझ्या कॉम्प्युटरवर टॉमनॉड नावाची साइट उघडून दिली. अमेरिकेतल्या डिजिटलग्लोब कंपनीचे उपग्रह विमान जिथे हरवलं त्या समुद्राचे फोटो काढत होते आणि ते फोटो छोट्या चौकोनांत कापून जगातल्या कुणालाही बघायला ठेवले होते. टॉमनॉडची सुरुवात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी केली होती. मंगोलियात चंगेजखानाची कबर शोधण्यासाठी त्यांनी लोकांना उपग्रहाचे फोटो बघायला दिले होते. पुढे डिजिटलग्लोबने ते आपल्याकडे घेतलं. आता त्याच पद्धतीने विमान शोधायचं होतं.

काम सांगायला सोपं. एक चौकोन उघडतो, तो नीट बघायचा. काही दिसलं तर त्यावर खूण ठेवायची आणि ती कशाची ते निवडायचं: अवशेष, तराफा, तेलाचा तवंग, की दुसरं काही. काही नसेल तर पुढचा चौकोन. पहिल्या दिवसांत इतकी माणसं एकदम आली की साइट बसली. चौकोन उघडायला वेळ लागायचा, कधी उघडायचाच नाही. मी पहाटे उठून बसायला लागलो. पहाटे गर्दी थोडी कमी असायची.

चौकोनात काय दिसतं ते सांगतो. बहुतेक वेळा पाणी. त्या पाण्याचा रंग सारखा नसतो. कुठे काळपट निळं, कुठे हिरवट, आणि सूर्याचा उजेड थेट कॅमेऱ्यात परतलेला असला की शिसं वितळल्यासारखं पांढुरकं. त्यावर लाटांची फुटलेली टोकं, म्हणजे हजारो पांढरे ठिपके. ढग असला तर त्याची सावली थोड्या अंतरावर पडलेली, आणि ही सावली पहिल्या नजरेला तेलाच्या तवंगासारखी वाटते. जहाज ओळखायला सोपं: मागे पाण्याची लांब शेपटी असते. मासेमारीच्या होड्या घोळक्याने असतात. सगळ्यात फसवं म्हणजे उडतं विमान. उपग्रहाचा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे रंग क्षणाच्या फरकाने टिपतो, त्यामुळे वेगात जाणारं विमान फोटोत एकाशेजारी एक अशा रंगीत छटांत फाकतं. असा फोटो मिळाला की लोकांना वाटायचं, सापडलं! पण ते त्या वेळी वरून जाणारं दुसरंच कुठलं तरी विमान असायचं. समुद्रात पडलेल्या वस्तूला अशा छटा येत नाहीत.

आकाराचा हिशेब मी पहिल्याच दिवशी कागदावर मांडला. सवयच आहे ती. फोटोतला एक ठिपका म्हणजे साधारण अर्धा मीटर. बोइंग ७७७ ची लांबी सुमारे ६४ मीटर, पंखांचा विस्तार ६१ मीटर. विमान अखंड तरंगत असतं तर शंभराहून जास्त ठिपके लांब दिसलं असतं. ते कुणाच्याही नजरेतून सुटलं नसतं. पण समुद्रावर आदळलेलं विमान अखंड राहत नाही. पंखाच्या मागच्या कडेचा एखादा दोन मीटरचा तुकडा म्हणजे चार-पाच ठिपके, आणि फुटणारी लाट त्याहून मोठी. म्हणजे ‘विमान’ शोधायचं हा विचार डोक्यातून काढूनच टाकायला हवा होता. लाटेसारखं न वागणारं काही दिसतं का, एवढंच बघायचं. सरळ कड, टोकदार कोपरा, एका रेषेत पडलेले चार-सहा तुकडे. मिलमध्येही आम्ही दोष शोधत नसू. चांगल्या रेलची कातडी डोळ्यांत इतकी बसलेली असायची की वेगळं काही आलं की पाय आपोआप थांबत.

मी अर्धा तास बसायचो आणि मग उठायचो. मुलगा म्हणायचा, “काका, सलग बसा ना, जास्त चौकोन होतील.” होतील, पण बघून होणार नाहीत. हा माझा हट्ट नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांतून रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्यांची नजर का सुटते, या प्रश्नावरून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले. घड्याळासारखा एक काटा सारख्या टप्प्यांनी फिरत असतो, क्वचित तो दुप्पट उडी घेतो, ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांची नजर उतरायला लागली. १९४८ साली हे छापून आलं. दुसरा प्रयोग जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००५ चा. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तेव्हा माणसं ती साधारण ७ टक्के वेळा चुकवतात. तीच वस्तू शंभरातल्या एकाच चित्रात असेल तर ३० टक्के वेळा. डोळ्याला ‘नाही, नाही’ म्हणायची सवय लागते आणि ‘आहे’ समोर आलं तरी तो ‘नाही’ म्हणून पुढे जातो. विमानतळावर बॅगा तपासणारे, एक्स-रे बघणारे डॉक्टर, सगळ्यांची हीच अडचण. इथे तर लाखो चौकोनांत एक असेल की नसेल याचीही खात्री नव्हती.

दुसरं टोकही तितकंच वाईट. काही तरी सापडावं या ओढीने माणूस प्रत्येक पांढऱ्या ठिपक्यावर खूण ठेवत जातो. हे सोपं पडतं आणि त्याचं मोलही नसतं. टॉमनॉडने यावर उपाय चांगला काढला होता. एकाच्या खुणेवर कुणी धावत नसे. तोच चौकोन अनेकांना दाखवायचे आणि एकमेकांना न बघता वेगवेगळ्या माणसांनी त्याच जागी खूण केली तरच ती जागा वर येई. कुणाच्या खुणा इतरांशी जुळतात, कुणाच्या नाहीत, हे गणित त्यांचा प्रोग्रॅम करायचा आणि त्यातून निवडलेल्या जागा कंपनीचे तज्ज्ञ तपासायचे. म्हणजे माझ्या ‘आहे’ला किंमत होती, तशी माझ्या ‘नाही’लाही होती. मिलमध्ये आम्ही रेल पास केल्यावर रेल्वेच्या वतीने राइट्स कंपनीचे इन्स्पेक्टर पुन्हा बघत, आणि आम्ही पास केलेला रेल त्यांनी अडवला नाही की तोच आमच्या कामाचा दाखला. म्हणून ‘दुसरा बघणारच आहे’ असं म्हणून मी कधी चौकोन सोडला नाही. प्रत्येकाने तसं म्हटलं तर अनेक डोळ्यांचा काही उपयोग उरत नाही.

हीसुद्धा बसायला लागली. तिची पद्धत वेगळी होती. चौकोन उघडला की ती आधी मागे सरकून लांबून बघायची आणि मग पुढे झुकायची. चौकोनाचा क्रमांक वहीत लिहायची, शेजारी एकच शब्द: पाणी, ढग, जहाज, होड्या. “त्या घरची माणसं विचारतील तेव्हा सांगता आलं पाहिजे, इथे बघितलं म्हणून,” ती म्हणाली. त्या घरची माणसं आम्हाला कशाला विचारायला येणार होती! पण तिच्या त्या बोलण्याने मी पुढचे सगळे दिवस काम केलं, हेही खरं.

१५ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की विमान दक्षिण चीन समुद्रावर असताना मागे वळलं होतं आणि त्यानंतरही कित्येक तास उडत होतं. लष्करी रडारवर ते २ वाजून २२ मिनिटांपर्यंत दिसत होतं, मलाक्काच्या सामुद्रधुनीपलीकडे अंदमानच्या बाजूला. इनमारसॅट कंपनीच्या उपग्रहाला तर सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत त्याचे क्षीण इशारे मिळत होते. म्हणजे थायलंडच्या आखातातला जो समुद्र आम्ही चौकोन-चौकोन करून बघितला, तिथे विमान पडलंच नव्हतं. शेजारचा मुलगा हिरमुसला. त्या दिवसानंतर त्याने साइट उघडली नाही. मला राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. लष्करी रडारची नोंद पहिल्या रात्रीचीच होती. ती आठवडाभर आधी लोकांसमोर आली असती तर जगभरातल्या लाखो डोळ्यांची पहिली, ताजी नजर चुकीच्या समुद्रावर खर्ची पडली नसती.

मग शोध सरकत गेला. भारताचं नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दल आधीच अंदमानच्या समुद्रात उतरलं होतं. उपग्रहाच्या इशाऱ्यांवरून गणित करून २४ मार्चला सांगितलं गेलं की विमान दक्षिण हिंदी महासागरात संपलं. त्याआधी २० मार्चला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत सांगितलं होतं की उपग्रहाच्या फोटोत पर्थपासून सुमारे २५०० किलोमीटरवर दोन वस्तू दिसल्या आहेत, मोठी २४ मीटरची. तो फोटो डिजिटलग्लोबच्याच उपग्रहाचा, १६ मार्चचा. विमानं गेली, जहाजं गेली, आणि हाती विमानाचं काहीच लागलं नाही. पुढे चीन, फ्रान्स, थायलंडच्या उपग्रहांनीही वस्तू दाखवल्या. त्यातून एक गोष्ट जगाला पहिल्यांदा ठळक दिसली असेल: माणसांनी समुद्रात किती कचरा टाकला आहे. दोर, जाळी, जहाजांवरून पडलेले कंटेनर. दक्षिणेच्या त्या चौकोनांत लाटा इतक्या मोठ्या असायच्या की पांढऱ्या फेसातून काही वेगळं काढणं मला तरी जवळजवळ अशक्य वाटलं.

टॉमनॉडवर शेवटी ८० लाखांवर लोकांनी भाग घेतला आणि १० लाख चौरस किलोमीटरहून जास्त समुद्र बघून काढला. साधारण भारताच्या एक तृतीयांशाएवढा देश ठिपक्या-ठिपक्याने बघावा तसं. विमान सापडलं नाही. असं याआधीही झालं होतं. सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या नेवाडात स्टीव्ह फॉसेट हा विक्रमवीर वैमानिक बेपत्ता झाला तेव्हा हजारो लोकांनी इंटरनेटवर वाळवंटाचे फोटो तपासले होते. वर्षभराने, डोंगरात पायी भटकणाऱ्या एका माणसाला कॅलिफोर्नियात त्याची ओळखपत्रं मिळाली आणि त्यावरून विमान सापडलं. आमच्या भागातलंही एक उदाहरण आहे. ऑगस्ट २००८ मध्ये हैदराबादहून रायपूरकडे निघालेलं हेलिकॉप्टर चार माणसांसह वाटेतल्या जंगलात हरवलं. भर पावसाळा, ढग हटत नव्हते, आणि ढगाखालचं साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला दिसत नाही. त्याचे अवशेष तीन महिन्यांनी, पाऊस सरल्यावर, खम्मम जिल्ह्याच्या जंगलात मिळाले. एप्रिल २००९ मध्ये भारताने रिसॅट-२ हा उपग्रह सोडला. तो रडारने ढगाआडचंही टिपायचा. त्याच सप्टेंबरात आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात बेपत्ता झालं तेव्हा शोधासाठी त्याचाही उपयोग केला गेला.

एमएच ३७० चा पहिला तुकडा २९ जुलै २०१५ ला मिळाला, पश्चिम हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, किनारा साफ करणाऱ्या कामगारांना. पंखाच्या मागच्या कडेचा फ्लॅपरॉन. मी वर ज्या चार-पाच ठिपक्यांचा हिशेब मांडला, ते हेच माप. बातमी वाचून आम्ही दोघं गप्प बसलो नाही. ही त्या मुलाला सांगायला शेजारी गेली. तो तेव्हा पुण्याला नोकरीला लागला होता, म्हणून त्याच्या आईला सांगितलं आणि फोन करायला लावला.

या सगळ्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं काम, आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या समुद्रशास्त्रज्ञांनी हा तुकडा कुठून वाहत आला असेल याचं गणित मांडलं. आधी नकली तुकडे बनवून समुद्रात सोडले. मग बोइंग ७७७ चा खराखुरा फ्लॅपरॉन मिळवला, तो सापडलेल्या तुकड्यासारखा कापला आणि टास्मानियाच्या किनाऱ्याजवळ पाण्यात सोडून बघितला. तो नकली तुकड्यांपेक्षा वेगाने, आणि वाऱ्याच्या थोडा डावीकडे वाहत गेला. एवढ्या एका फरकाने हिशेब जुळायला लागला. या गणितात त्यांनी आणखी एक गोष्ट धरली: मार्च-एप्रिल २०१४ मध्ये विमानांनी जो समुद्र वरून बघितला आणि जिथे काहीच तरंगताना दिसलं नाही, ते न दिसणं. विमान अमुक जागी पडलं असतं तर त्या दिवसांत अवशेष बघितलेल्या पाण्यात आले असते. ते आले नाहीत, म्हणजे ती जागा वगळा. अशा वगळण्यातून त्यांनी शोध ३५ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास आणला. विमानांतून बघणाऱ्यांनी थकलेल्या डोळ्यांनी ‘काही नाही’ असं लिहिलेल्या नोंदी दोन-तीन वर्षांनी पुरावा म्हणून उभ्या राहिल्या.

ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच कामाला जोडून दुसरा एक अहवाल आला. फ्रान्सच्या प्लेयाड उपग्रहाने २३ मार्च २०१४ ला काढलेले चार फोटो त्यात तपासले होते. त्यांत ७० वस्तू मोजल्या गेल्या आणि १२ बहुधा मानवनिर्मित असाव्यात असं ठरलं. मागे मागे वाहवत नेलं तर त्या वस्तू नेमक्या ३५ अंशाच्या जवळपासच्या पाण्यातून आलेल्या निघतात. त्या विमानाच्याच होत्या असं कुणी ठामपणे म्हटलेलं नाही, तेवढी ताकद त्या फोटोंत नाही. पण हे फोटो घटनेनंतर दोन आठवड्यांनी काढलेले, आणि त्यांची अशी छाननी बाहेर आली साडेतीन वर्षांनी. ८० लाख माणसं फोटो मागत बसली होती तेव्हा हे चार त्यांच्यासमोर ठेवले असते तर? हा प्रश्न मला आजही सोडत नाही. आमच्यातल्या कुणी ना कुणी ते नक्की बघितले असते, माझी खात्री आहे. किमान ते ७० ठिपके वेळेवर जहाजाला दिले गेले असते.

समुद्राच्या तळावरचा पहिला शोध १ लाख २० हजार चौरस किलोमीटर झाल्यावर जानेवारी २०१७ मध्ये थांबला. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी कंपनीने आणखी १ लाख १२ हजार चौरस किलोमीटर तळ पिंजून काढला. त्याच वर्षी मलेशियाच्या अहवालाने कारण ठरवता येत नाही असं लिहून दिलं. टॉमनॉडही २०१९ मध्ये बंद झालं. पण प्रवाशांच्या घरची माणसं थांबली नाहीत. व्हॉइस ३७० या त्यांच्या संघटनेने सरकारचा पिच्छा सोडला नाही. २०२५ मध्ये मलेशियाने ओशन इन्फिनिटीशी नवा करार केला: १५ हजार चौरस किलोमीटरचा नवा भाग, विमान सापडलं तर सात कोटी डॉलर, नाही तर एक पैसा नाही. हे १५ हजार निवडताना आधी तपासून रिकामं ठरलेलं पाणी बाजूला काढावं लागलं. बघून झालेल्या आणि रिकाम्या निघालेल्या जागांची नोंद जपून ठेवली नसती, तर हा भाग कुठून निवडणार होते?

म्हणून माझं एक मागणं आहे, आणि ते मी भेटेल त्या कॉम्प्युटरवाल्या पोराला सांगतो. उद्या कुठलंही विमान, हेलिकॉप्टर, होडी हरवली आणि लोकांना फोटो बघायला बोलावलं, तर फोटो पहिल्या दिवशी द्या, ज्या भागाची शंका आहे तो सगळा द्या, आणि कुठल्या चौकोनात कुणालाही काही दिसलं नाही, त्याची यादी खुली ठेवा. बस्तरच्या जंगलात पावसाळ्यात शोधायचं झालं तर रडारचे फोटो कसे वाचायचे हे आधी शिकवा, कारण ते साध्या डोळ्याला अनोळखी असतात. शिकायला माणसं तयार होतील. भिलाईत तर बघण्याचं काम आयुष्यभर केलेली कितीतरी रिटायर माणसं घरोघर बसलेली आहेत. हिची ती वही कपाटात आहे, कुणाला तपासायची असेल तर मी दाखवीन.